मामांची अक्षरं कोण वाचणार?

इंटरनेट ही बघायची गोष्टच नव्हे, ती ऐकायची गोष्ट आहे, असं छातीठोकपणे सांगणारा अख्ख्या मुंबईत एकच माणूस असेल आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ऐन पंचविशीत मामांची दृष्टी गेली. पुढं एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर म्हणून त्यांनी नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर नायगावच्या बीडीडी चाळीतल्या खोलीत कॉम्प्युटर मांडला. मॉनिटर कायम बंद, माउसला घरात थारा नाही. चित्रं नाहीत, रंग नाहीत; आत नुसती अक्षरं आणि ती वाचून दाखवणारा एक यांत्रिक आवाज. तो आवाज मामांनी इतका भरधाव ठेवला होता, की मला खोलीत पापड तळताहेत असं वाटायचं. मामा मात्र मध्येच खदाखदा हसायचे. "ऐकलंत जावईबापू? आता काय बोलायचं या माणसाला!" मीही हसायचो. जावयाला दुसरं काय करता येतं?

वेबसाइटची पारख ते घरासारखी करत. एका बाईंच्या पाककृतींच्या साइटवर खांडवीपर्यंत पोचायला पन्नासएक लिंका ओलांडाव्या लागल्या, तेव्हा म्हणाले, "बाईंच्या स्वयंपाकघरात जायचं तर आधी चारही मजले हिंडा!" शिवाय प्रत्येक फोटोचं नाव नुसतं 'चित्र'. मामांनी बाईंना सविस्तर पत्र धाडलं: 'आपण मुलांची नावेही मूल एक, मूल दोन अशीच ठेवली आहेत काय?' बाई भल्या निघाल्या. पंधरा दिवसांनी तोच आवाज म्हणाला, 'तूप सोडलेली गरम खांडवी'. मामा दोन दिवस हवेत होते.

त्यांचं अडायचं ते एकाच ठिकाणी. एखादी साइट चित्रात वेडीवाकडी अक्षरं दाखवते आणि म्हणते, ही ओळखा, म्हणजे तुम्ही माणूस आहात हे पटेल. मग मामा तेवढ्यापुरता मॉनिटर लावत आणि उघड्या दारातून हाक घालत, "गो बाय, जरा हंय ये, अक्षरां वाच!" गॅलरीतून जाणारी जी कोणी असेल ती धुण्याची बादली बाहेर ठेवून आत यायची. अक्षरं पाच-सहा, बसणं अर्धा तास. कुणाच्या सुनेचं बाळंतपण, कुणाचे गुडघे, सगळ्या मजल्याची खबर मामांना इथंच मिळायची. मामी गेल्यापासून त्यांचा दिवस या हाकेवरच निभायचा.

मग पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. मामा नव्या टॉवरात सतराव्या मजल्यावर राहायला गेले. तिथली लिफ्ट बोलते याचं त्यांना केवढं कौतुक! पण मजल्यावरची दारं बंद. पहिल्याच आठवड्यात मला दादरला त्यांचा व्हिडिओ कॉल आला. आधी पंखा दिसला, मग मामांचं कपाळ, मग एकदाचा मॉनिटर. मी अक्षरं वाचली. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. महिनाभरानं एकदा मी मीटिंगमधून उठून फोन घेतला आणि वैतागून म्हणालो, "मामा, त्या चित्राशेजारी ऐकायची सोय असते. तुमच्या कानांना दोन सेकंदांचं काम!"



"ठाऊक आहे हो. कित्येक वर्षं ठाऊक आहे," मामा म्हणाले. "पण इथं दारावरून कुणी जातच नाही."

मला माझीच लाज वाटली. मीटिंग गेली खड्ड्यात.

"फोन जरा वर धरा," मी म्हणालो. "हं, दिसलं. पहिलं अक्षर के. आणि मामा, आज जेवायला काय केलंत?"