लालबाण गोष्टी वाचायला लागला

माझा धाकटा भाऊ शर्टांच्या कारखान्यात तपासनीस होता. शिवून आलेला शर्ट टेबलावर पसरायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं आणि खोट दिसेल तिथे लाल कागदाचा चिकट बाण लावायचा, हे त्याचं काम. बाण लागला की शर्ट परत शिंप्याकडे. म्हणून सगळा कारखाना त्याला लालबाण म्हणे. तोंडावरसुद्धा म्हणत, आणि गड्याला ते आवडायचं.

निवृत्त झाला आणि बाण घरी आले. पडदा एका अंगाला लोंबतोय, चहा कालच्यापेक्षा फिका आहे, जावई हसताना तोंड वाकडं करतो. अहो, शेजाऱ्याच्या मयताला खांदा देताना हा माझ्या कानात म्हणतो, "दादा, डावी बाजू खाली जातेय." मयताला हसू दाबताना माणसाचे काय हाल होतात ते मला विचारा.

एक दिवस भावजयीने पिशवी भरली आणि दोन गल्ल्या पलीकडे मुलीकडे राहायला गेली. जाताना दारात मला म्हणाली, "भाऊजी, मी रुसलेले नाही. रोज तपासून घ्यायचा कंटाळा आलाय. ह्यांच्यात फरक पडला की येईन."

इकडे भावाची झोप उडाली, रक्तदाब चढला. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर सांगितलं की ग्रंथालयात दर गुरुवारी 'कथावाचनातून मनःस्वास्थ्य' असा वर्ग भरतो, तिथे जा. सोबत म्हणून मीही निघालो. खोटं कशाला बोलू, तिथल्या खुर्च्यांना हात होते आणि चहा फुकट होता.

वर्ग घेणाऱ्या समुपदेशक बाईंचा आवाज बाळाला औषध पाजताना काढतात तसला. एकाने गोष्ट सावकाश वाचायची, मग बाई छोटी घंटा वाजवणार, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि मग प्रश्न : तुम्ही या गोष्टीत कुठे आहात? आमच्या गावच्या शाळेत गोष्ट संपली की तात्पर्य सांगावं लागे आणि चुकलं की हातावर पट्टी बसे. इथे उत्तर चुकतच नाही. काहीही सांगा, बाई म्हणणार, "छान." एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर पहिल्या ओळीपासून घोरायचे आणि घंटा झाली की सांगायचे, आज फार खोल गेलो. छान. एका घरमालकीण बाईंना प्रत्येक गोष्टीत त्यांचा भाडेकरू भेटायचा. एका गोष्टीत तर माणूसच नव्हता, नुसता दीपस्तंभ आणि वादळ. त्यांनी वादळात भाडेकरू शोधला. छान.

भावाने पहिल्याच गुरुवारी गोष्टीची पानं बाईंना परत केली ती लाल बाण लावून. म्हणाला, हिचे डोळे पहिल्या पानावर काळे आहेत, तिसऱ्यावर घारे. हा दार लावून बसलाय, मग मांजर आलं कुठून? त्या दिवशी बाईंचं "छान" जरा अडखळत बाहेर पडलं. मग त्यांनी त्याला बाजूला घेऊन समजावलं की गोष्ट तपासायची नसते, स्वीकारायची असते. जे समोर येईल त्याला आधी छान म्हणा, मन आपोआप मागून येईल.

भावाने कारखान्याचे सगळे नियम जसे पाळले तसाच हाही पाळला. महिनाभरात तो पावसाळ्यातल्या गळक्या छपरालाही छान म्हणू लागला. बाईंनी त्याला वर्गाचा आदर्श ठरवलं, बाहेरून पाहुणे आले की उभा करून दाखवू लागल्या.

असा हा सुधारलेला माणूस घेऊन मी भावजयीकडे जेवायला गेलो. पडदा छान. डगमगणारं स्टूल छान. जावई वाकडं हसला, तेही छान. भावजय एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे. परीक्षा घ्यायची म्हणून तिने बटाट्याची भाजी मुद्दाम बिनमिठाची केली होती. त्याने छान म्हणत दोनदा वाढून घेतली. माझा पहिला घास घशाखाली उतरत नव्हता. ताटं उचलताना भावजयीने हळूच विचारलं, "भाऊजी, ह्यांना कसल्या गोळ्या चालू आहेत?"

जेवणानंतर प्रगती दाखवायला म्हणून भावाने येत्या गुरुवारची गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. त्यात एक नवरा असतो. बायको म्हणेल त्याला तो हो म्हणतो. तिने केस कापले तरी वा, कपाट उलटं ठेवलं तरी वा. निम्म्यावर आल्यावर भावाला राहवेना. इतक्या वर्षांचा तपासनीस आतून उठून बसला.

"हे काही पटत नाही," तो म्हणाला. "असा नवरा असतो का कुठे? मान हलवतोय, पण तिच्याकडे बघत नाही. घरात पुतळा ठेवल्यासारखा."

"असतो की," भावजय म्हणाली. "समोरच बसलाय माझ्या."

वर्गात इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. तिथे ड्रायव्हर घोरायचे.

भाऊ म्हणाला, "भाजीत मीठ नव्हतं."

"मग दोनदा कशाला घेतलीत?"

"तू घरी यावीस म्हणून."

भावजयीने पदराला हात पुसले, पुसलेलेच परत पुसले. म्हणाली, "आधी नुसती खोट सांगायचात, आता नुसतं छान म्हणता. अहो, उरलेला शर्ट कधी बघितलात का?"

भावाने गोष्टीची पानं मिटली. घंटा नाही, काही नाही, तरी डोळेही मिटले. मग एकेक शब्द जोडत म्हणाला, "बटाटे मऊ झाले होते. तिखट बेताचं होतं. फोडी सगळ्या सारख्या. मीठ तेवढं नव्हतं."

उभ्या जन्मात मी त्याच्या तोंडून असं वाक्य ऐकलं नव्हतं. भावजय उठली आणि तिने कोपऱ्यातली पिशवी ओढली. कपडे भरू लागली. भाऊ ओठ घट्ट मिटून बघत होता, मान लाल झाली होती.

"बोला आता, नाहीतर फुटाल," ती म्हणाली.

"हा निळा रंग तुला शोभतो," तो म्हणाला. "घडी तिरकी आहे."

तिने कपड्यांचा ढीग त्याच्यापुढे सरकवला, म्हणाली, मग तुम्हीच घाला. तो मांडी घालून बसला आणि कामाला लागला. ती स्टुलावर पाय ठेवून आरामात टेकली आणि मला म्हणाली, "भाऊजी, त्या नवऱ्याचं पुढे काय झालं, वाचा बघू."

मी चष्मा लावला.