बिनसाखरेचा चहा

आमचे हे मलेरिया खात्यात होते. किन्हीराजाच्या आसपासची खेडी त्यांच्याकडे. दारोदार जायचं, कोणाला ताप आला का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि भिंतीवर तारीख टाकायची. जगाचं रक्त तपासणाऱ्या या माणसाच्या पायात बाभळीचा काटा मोडला, तो त्यांना कळलासुद्धा नाही. पाय धुताना मला दिसला. काटा निघाला, पण जखम भरेना.

वाशीमच्या डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. आमचा विश्वास बसेना. हा रोग गादीवर बसणाऱ्या शेठ लोकांचा, दिवसभर सायकल हाणणाऱ्या, भाकरी खाणाऱ्या माणसाला कुठून होईल? डॉक्टर म्हणाले, होतो. पायाची जाणीव गेली आहे, साखर खाली आली नाही तर अंगठा कापावा लागेल, आणि तेवढ्यावर थांबेलच असं नाही. गोळ्या दिल्या, अनवाणी फिरू नका, भाकरी-भात मापात खा, गोड बंद करा, असं बजावलं. शिवाय लघवी तपासायचं निळं औषध आणि काचेची नळी दिली. नळीत औषधासोबत लघवीचे थेंब टाकून दिव्यावर उकळायचं. निळंच राहिलं तर ठीक, हिरवं-पिवळं झालं तर साखर आहे, विटकरी झालं तर भरपूर आहे.

ते काम माझ्याकडे आलं. आमची नळी रोज विटकरी. मी साखरेचा डबा कुलपात टाकला, त्यांची भाकरी अर्धी केली, सणालाही गोड शिजवलं नाही. तरी विटकरीच. मग डोक्यात प्रकाश पडला. दारोदार जाणारा माणूस दारोदार चहा पितो. आणि आमच्या भागात घरच्यांना गुळाचा चहा, पाहुण्याला साखरेचा, तोही पाकासारखा. गोळी सकाळी एक आणि साखर दिवसभर, ती बिचारी कुठं कुठं पुरणार?

मी भडकले. नाही म्हणता येत नाही का, म्हटलं, जिभेपुढं पाय स्वस्त झाला का?

"जिभेचं नाही वं," ते म्हणाले. "बाकी सारं सोडतो. पण त्या घरचा कप मी परत कसा करू?" आणि तिथं पिऊन शेजारी नाही म्हटलं तर शेजारी रुसतात, असं ते चालायचं.

ते घर मला माहीत होतं. माझे सासरे तिथं सालदार होते, वर्षाच्या बोलीवर शेतात राबायचे. त्यांच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. चहा वरून ओतायचे, आणि पिऊन झाला की सासऱ्यांनीच तो धुऊन परत कोनाड्यात ठेवायचा. आम्ही बौद्ध झालो तरी कप तिथंच राहिला. सासरे गेले. पुढं त्यांचाच मुलगा सरकारी पिशवी घेऊन त्याच दारात गेला, तेव्हा तिथल्या म्हातारीनं त्याला लाल फुलांच्या कपबशीत चहा दिला. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत. बाप असायला पाहिजे होता, एवढंच म्हणाले.

माझा राग गेला नाही, पण तो काढावा कोणावर ते कळेना. अंगठा काळपट दिसू लागला, तशी एक दिवस मीच त्यांच्यासोबत गेले. म्हातारीनं ओसरीवर बसवलं, लाल फुलांच्या कपबशांत चहा आणला. ह्यांनी हात पुढं केला आणि मी बोलले, "आजी, याइले साखरेचा रोग झाला. अंगठा कापा लागते म्हणते डॉक्टर. हा चहा नका देऊ."

म्हातारीचा चेहरा उतरला. तिनं त्यांच्यासमोरचा कप उचलला आणि आत गेली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. कानतुटका कप अजून तिथंच होता, धूळ खात. पाय वाचवायला आले आणि माणूसच मोडून बसले, असं वाटून मला रडू यायला लागलं.

आत भांडी वाजत राहिली. मग म्हातारी बाहेर आली. ह्यांनी चहा नाही, आधी कप पाहिला. लाल फुलांचाच होता.

"घे भाऊ," ती म्हणाली. "साखर नाही टाकली. आता तुया चहा असाच करत जाईन."

तिनं सुरू केल्यावर गावातल्या बाकीच्या घरांनीही तसाच चहा द्यायला सुरुवात केली. नळी हळूहळू हिरव्यावर आली. अंगठा राहिला, फक्त नख गेलं. पण त्या दिवशी ओसरीवर त्यांनी पहिला घोट घेतला आणि माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "कडू लागून राह्यला." मग बशीत सांडलेलासुद्धा पिऊन टाकला.