पडद्यावरचा पूल

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला भुजंगचा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पत्र्याचं एक दुकान, दोन दिवे, एक स्टूल आणि मागं बर्फाच्या डोंगराचा पडदा. गावातली निम्मी जोडपी त्या बर्फापुढं बसून घाम पुसत हसलेली. खरा बर्फ कुणी पाहिलेला नाही, पण फोटोवरून सगळे तिथं जाऊन आलेले.

यंदा उंदरानं तो डोंगर खालून कुरतडला. नवा पडदा छापायचा झाला तेव्हा भुजंगच्या मनात एकच गोष्ट होती. पडद्यावर गोदावरीवरचा शहागडचा पूल पाहिजे. लहानपणी एसटी पुलावर आली की बापाच्या मांडीवर उभं राहून तो खाली बघायचा, तेव्हापासून त्या पुलानं त्याला धरलेलं. लग्नाच्या ऑर्डरीला जाता-येता गाडी लावायची, काठावर उतरायचं आणि पुलाचे फोटो काढायचे. खाली पाणी, पलीकडं ऊस, वर आभाळ आणि मधून या काठाचा त्या काठाला गेलेला पूल. गोदावरी म्हणजे इथली गंगाच; आपल्या माणसाच्या पाठीमागं आपल्या गंगेवरचा पूल असावा, एवढंच त्याचं म्हणणं.

पण डोळ्याला जेवढा दिसतो तेवढा तो पूल फोटोत काही उतरेना.

बायको कौसल्या कॉम्प्युटरवर बघून म्हणाली, "ही फणी कुणाची पडली हो नदीत?"

"पूल हाय तो!"

"मंग असा बोटाएवढा का दिसून राह्यला? हे बघा, परवा पडदा छापायला द्यायचाय. तवर तुमचा पूल मोठा झाला तर बराबर, न्हाई तर बर्फ आणा. लग्नं तोंडावर आलीत."

भुजंगची एक खोड होती. लग्नात "आत या, अजून आत या" म्हणून घसा बसेस्तोवर ओरडणारा हा माणूस, पुलाच्या फोटोत मात्र कुणाला येऊ द्यायचा नाही. मासे धरणारा दिसला, शेरडं दिसली, की "बाजूला व्हा हो!" पुलाला कुणाची दृष्ट लागेल की काय, असा त्याचा जीव खालीवर व्हायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो निघाला, तर त्याची आई सोनूबाई हिरवं लुगडं नेसून दारात उभी. नातीला मुलगी झाली होती, गंगेची ओटी भरायचा तिचा नवस होता. नाही कसं म्हणणार? मायलेक गाडीवर बसले आणि शहागडला आले.

नदीवर धुकं विरत चाललेलं, पुलाचे खांब पाण्यात उतरलेले. भुजंगनं स्टँड लावला आणि बघतो तर आई बरोबर मधोमध पाण्याकाठी बसलेली. तिनं हळदकुंकू काढलं, नारळ काढला, खण उलगडला.

"माय, जल्दी कर. ऊन चढून राह्यलं."

"गंगेची ओटी भरताना घाई करत्यात का? तुझा पूल कुठं पळून चाल्ला?"

उजेडाचा अंदाज यावा म्हणून आई मधी असतानाच भुजंगनं एक फोटो काढून ठेवला. मग ती उठली, त्यानं तिला पार झाडाखाली नेऊन बसवलं आणि मोकळ्या पुलाचे मन भरेस्तोवर फोटो काढले.

घरी कौसल्या एकेक फोटो बघू लागली. "फणी. ही पण फणी. ही तर आणखी बारीक फणी..." भुजंगचा चेहरा उतरला. बर्फच येणार, असं त्यानं मनाशी धरलं. तेवढ्यात तिचा हात थांबला.

"अगं बाई!"

पाण्याकाठी वाकलेली हिरवी सोनूबाई, एवढीशी, आणि तिच्या डोक्यावर आभाळात चढलेले खांब. पूल एकदम केवढा तरी झाला होता.

"माणसं हाकलून पूल मोठा व्हतो का?" कौसल्या म्हणाली. "आत्याबाईंनी मोठा केला बघा."

सोनूबाई मात्र भडकली. "भुजंग्या, लोकांच्या लग्नाच्या फोटोत माझी पाठ? अन् पदर तरी बघ कसा लोंबतोय!"

तरी पडदा तोच छापला. पहिलं गिऱ्हाईक म्हणालं, "पूल तर आम्ही रोजच पाहतो, बर्फ कुठं गेला?" आणि उठून गेलं. दुपारी केदारखेड्याची अक्षता नवऱ्यासोबत आली. नवी नवरी, अंगाची हळद अजून निघालेली नाही. तिनं पडद्यावर बोट ठेवलं.

"अहो, लग्नानंतर आपण गंगेची ओटी भरली ती जागा हीच की! भाऊ, आमचा फोटो इथंच काढा."

भुजंगनं एवढ्या खुशीत कधी बटण दाबलं नसेल.

आता जोडपी तोच पडदा मागतात. गावातल्या बऱ्याच घरांत नवरानवरीच्या मागं सोनूबाई ओटी भरत बसलेली आहे. ती परवा नवं लुगडं नेसून, पदर चापूनचोपून स्टुडिओत आली आणि पडद्यापुढं स्टुलावर बसली.

"मागून लई झालं. आता तोंडाकडून काढ," ती म्हणाली.

"माय, जरा बाजूला सरक. मागची सोनूबाई झाकून राह्यली."