काकांच्या वहीतलं माप

मंडळी, आज दुपारी मी पुरती कोंडीत सापडले होते.

मी नेरुळची, पिस्तूल नेमबाजीत नवी. क्लबच्या परवानगीने आज पहिल्यांदाच रिकाम्या पुंगळ्यांत पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, भरून काडतुसं तयार करायला बसले. शिकवायला सावंतकाका, क्लबमधले सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी आपल्या वहीतलं माप सांगितलं. पावडरच्या कंपनीच्या पुस्तिकेत त्याहून बरंच कमी होतं, आणि नेटवर तिसराच आकडा.

"काका, पुस्तिकेत कमी लिहिलंय."

"अगं, वीस वर्षं भरतोय मी. टेन्शन नको घेऊस."

चार जण बघत होते. नाही म्हटलं तर काकांचा अपमान आणि हो म्हटलं तर पिस्तूल माझ्याच हातात फुटायची भीती.

शेवटी म्हटलं, "काका, माझी हिंमत होत नाही. मी पुस्तिकेतल्या सगळ्यात कमी मापानेच सुरुवात करते."

काकांनी चष्मा लावला. आधी पुस्तिका वाचली, मग वही.

"माझं माप जुन्या पावडरचं आहे गं. ही वेगळी आहे."

मग सकाळी याच पावडरने स्वतःसाठी भरलेला काडतुसांचा डबा त्यांनी माझ्याकडे सरकवला. "हा कोणाला वापरू देऊ नकोस. मलाही."

मोठ्या माणसांना 'तुमचं चुकतंय' हे तुम्ही कसं सांगता?