शीवच्या खाडीतली निवटी

मी एकटी शीवच्या खाडीवर जाते म्हटल्यावर आईने आधी माझी वेणी निरखली, मग साडी. "खरां सांग गो, कोण आसा बरोबर?" बरोबर होती एक रिकामी काचेची बरणी. पण मासे बघायला तरणी मुलगी लालबागहून शीवपर्यंत एकटी जाते, यावर कुठली आई विश्वास ठेवील!

पुढे आयुष्यभर समुद्री जीवांचा अभ्यास केला, म्हणून वाचक विचारतात, सुरुवात कुठून झाली? तर याच प्रवासातून. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती आणि गिरगावातल्या एका प्रयोगशाळेत सहायकाची एकच जागा होती. तिथले सर मला घ्यायला नाखूश. "मुली चिखलात उतरत नाहीत. संध्याकाळपर्यंत स्वतः पकडलेली जिवंत निवटी आण, जागा तुझी." निवटी म्हणजे ओहोटीला चिखलावर येऊन परांनी चालणारा, बटबटीत डोळ्यांचा मासा. जागा हातची घालवायची नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

लालबागहून ट्रामने दादर, पुढे बसने शीव. काही आण्यांत भागायचं. ट्राममध्ये मात्र सगळे चिडीचूप. धरपकड चालू होती, शेजारी बसलेला साध्या वेशातला पोलीस निघाला तर काय घ्या! माझी झाकलेली बरणी बघून एक गृहस्थ उठले ते थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. मलाही त्यांचाच संशय आला, हे वेगळं सांगायला नको.

खाडीवर जायचं तर ओहोटी बघून निघा आणि चपला हातात घ्या. शीव कोळीवाड्यात खाडीची वाट विचारली, तर हिराबाय नावाच्या कोळणीने मला अडवलंच.

"कोण गो तू? कोणी धाडलंय?"

"जिवंत निवटी पाहिजे."

"खायाला?"

"नाही."

"इकायला?"

"नाही हो."

"मंग जित्ती कशाला? आमच्या पोरांचा माग काढतेस व्हय?"

मोर्चातली पोरं शोधत पोलीस वस्तीत येऊन गेले होते. मी रिकामी बरणी पुढे केली. हिराबायने मला ओट्यावर बसवून तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण पुढ्यात ठेवलं. आम्ही मूळचे मालवणकडचे. मी डोकी चोखून काटे ताटाच्या कडेला लावले. तिने ते काटे बघितले. "पोलिसांची असतीस तर डोकी टाकली असतीस," म्हणाली आणि वाट दाखवली. तरी स्वतः बांधावर बसून माझ्यावर नजर ठेवायचं तिने काही सोडलं नाही.

मी गुडघाभर चिखलात. पाऊल उचललं की निवट्या टुणकन बिळात. धावले, आपटले, हिराबाय वरून खदखदून हसली. शेवटी मुकाट बसून राहिले. कंबरेला कळ लागली, माशा तोंडावर बसल्या, पण हलले नाही. मग एकेक डोकं वर आलं. दोन नरांनी पाठीवरचे पर ताठ करून भांडण मांडलं, आणि मी जागेबिगेचं विसरूनच गेले. अशी मजा मी जन्मात पाहिली नव्हती. एक निवटी हळूहळू सरकत थेट माझ्या हाताजवळ आली. डोळे आत ओढून घ्यायची, परत बाहेर काढायची. माझ्या करंगळीला टेकली आणि तिथेच बसली.

मी मूठ मिटली.

परतताना परळला गडबड होऊन ट्राम बंद पडल्या होत्या. चालत निघाले, तर नाक्यावर टेबल टाकून बसलेल्या हवालदाराने हटकलं. "बरणीत काय आहे? ॲसिड?"

"मासा."

"पाणी नाही, बिणी नाही, आणि मासा? मला बनवतेस काय? उघड!"

पाण्यात कोंडली तर ती गुदमरते, म्हणून मी नुसता ओला चिखल घातला होता. ओलं फडकं सोडलं, तशी निवटी उडी मारून त्याच्या टेबलावर पडली आणि चालू लागली. "च्यायला, हे चालतंय की!" हवालदार खुर्ची सोडून मागे सरला. मी तिला ओंजळीत धरून परत आत ठेवली आणि मागे न बघता सुटले. पायांचे तुकडे पडले, पण गिरगाव गाठलं.

सरांनी बरणी उजेडात धरली, माझे चिखलाचे पाय पाहिले. "कोणाकडून पकडून घेतलीस?" मी भांडणाऱ्या नरांचं सगळं वर्णन केलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं. मला वाटलं होतं, टाकीत सोडतील. त्यांनी चिमट्याने उचलली आणि नमुना टिकवायला फॉर्मालिनमध्ये बुडवली. "रंग उडायच्या आत करावं लागतं. उद्यापासून ये."

घरी आल्यावर आईने दारातच विचारलं, "गावली जागा?" गावली म्हटल्यावर तिने देवापुढे साखर ठेवली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू? मोठा आनंद झाला. पण साखर जिभेवर ठेवली आणि मला रडूच फुटलं. आईला वाटलं, थकले असेन.

ट्राम गेली, तो चिखलही आता तसा उरलेला नाही. त्यानंतर कितीतरी जीव माझ्या हाताखालून गेले, कामच होतं ते. पण त्या दिवशी आईपासून हवालदारापर्यंत कोणाचाच माझ्यावर विश्वास बसला नव्हता. बसला तो एकट्या त्या निवटीचा, आणि तिलाच मी बरणीत घातलं.