बाळ हललं नाही आणि मी आईवर ओरडले

मंडळी, नगरच्या सायबर कॅफेतून घाईघाईनं ही मेल लिहितेय. दुपारपासून मन खातंय.

आमच्या अभ्यासासाठी मी जामखेडकडच्या एका वस्तीवर तान्ह्या बाळांच्या पायाला घड्याळाएवढं यंत्र बांधते. बाळ किती हलतं, किती झोपतं, याची त्यात नोंद होते. आज कमलनं तिच्या पाच महिन्यांच्या बाळाचं यंत्र सोडून माझ्या हातात दिलं. लॅपटॉपला जोडून बघते, तर सकाळपासून जवळजवळ सपाट रेघ.

"काढून ठेवलं होतंस ना?" मी वस्तीवरच्या बायकांसमोर ओरडले. "सगळी मेहनत वाया घालवलीस!"

"न्हाई वो ताई, काढलं न्हाई," ती खालमानेनं म्हणाली. "लेकरूच पडून हाय. कवाधरनं सांगतीय, पर तुमचं ध्यान मशिनीतच."

तेव्हा कुठे मी बाळाला हात लावला. अंग नुसतं भाजत होतं.

आमच्याच जीपनं दोघांना नगरला दवाखान्यात आणलं. सलाईन लागलं. संध्याकाळी बाळ दूध प्यायलं, आता धोका नाही म्हणाले डॉक्टर. मी वॉर्डातून निघाले तेव्हा कमलनं माझेच आभार मानले, आणि मला तिच्याकडे बघवेना.

उद्या तिची माफी मागणार आहे. पण ओरडले चारचौघींत, मग माफी वॉर्डात एकटीला गाठून मागितली तर चालेल का? तुम्ही काय केलं असतं?