मचूळ पाण्याची बाग

नयना लग्न करून ओमानला आली, तेव्हा मातीशी आपला संबंध संपला असंच ती धरून चालली होती. दापोलीजवळ वडिलांची आंब्याची नर्सरी होती आणि कलमं बांधण्यातच तिची तरुणपणाची वर्षं गेली होती. नवरा चंद्रशेखर सोहारला ॲल्युमिनियमच्या कारखान्यात टेक्निशियन. त्यानं घर भाड्यानं घेतलं ते मात्र शहराबाहेर, सहमच्या वाटेवर, गुलबानूंच्या वरच्या मजल्यावर. खिडकीखाली खजुराची बाग आणि बागेपलीकडे समुद्र.

गुलबानू बलुची घराण्यातल्या ओमानी. साठी ओलांडलेल्या, विधवा, बोलायला मोडकंतोडकं हिंदी. नयना त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणू लागली आणि नवरा ड्यूटीवर गेला की त्यांच्याबरोबर बागेत उतरू लागली.

झाडांचं काहीतरी बिनसलंय हे तिला लगेच कळलं. लिंबोणीच्या पानांच्या कडा करपल्या होत्या आणि झाडांच्या आळ्यांभोवती मिठाची पांढरी साय धरली होती. तिनं विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. चांगलंच मचूळ होतं. खाला म्हणाल्या, यात नवीन काही नाही, सगळ्या किनाऱ्याची हीच गत आहे. पूर्वी बैल पाणी ओढायचे. मग घरोघर मोटारी आल्या, ज्यानं त्यानं जमेल तेवढं गोडं पाणी उपसलं आणि खालून समुद्र आत शिरला.

खालांचा मुलगा यासिर बंदरावर नोकरीला होता. बाग मोडून तिथे गोदामं बांधायची असं त्यानं ठरवलं होतं. शेतजमिनीचा वापर बदलायची परवानगी तो मिळवणार होता, आणि गोदामं भाड्यानं घ्यायला एक कंत्राटदारही तयार होता. यासिर काही वाईट मुलगा नव्हता. याच झाडांवर चढून तो मोठा झाला होता, आणि म्हणूनच त्यांचं असं तिळतिळ वाळणं त्याला बघवत नव्हतं. तो आईला म्हणाला, आता खलास झालं, उगाच ओढू नकोस.

"खजुराचे दोन हंगाम दे मला," खाला म्हणाल्या. "मग तू सांगशील तिथं अंगठा देते."

त्या संध्याकाळी त्यांनी नयनाला विचारलं, काय करायचं ते सांग. कलमं बांधणं वेगळं आणि खाऱ्या जमिनीत झाड जगवणं वेगळं, हे नयनानं आधीच सांगून टाकलं. तरी जे दिसत होतं ते ती बोलली. दोन विहिरींपैकी समुद्राकडची बंद करायची. सगळ्यात जास्त पाणी पितं ते चाऱ्याचं गवत काढून टाकायचं. आणि लिंबोण्या तोडायच्या, कारण त्या या पाण्यावर जगणार नाहीत. खजूर कदाचित जगेल.

लिंबोण्या खालांच्या सासूनं लावलेल्या. खाला उठून आत गेल्या आणि पुढचे काही दिवस बागेत फिरकल्या नाहीत. मग एका सकाळी नयना खाली उतरली, तर दोन लिंबोण्या आडव्या पडलेल्या आणि तिसरीच्या बुंध्याला खाला स्वतः करवत लावून बसलेल्या. नयनानं करवतीचं दुसरं टोक धरलं.

समुद्राकडची विहीर बंद झाली, गवत गेलं. खजुराला ठिबक आलं. आळ्यांवर झावळ्यांचं आच्छादन पडलं. चंद्रशेखर सुट्टीच्या दिवशी नळ्या जोडून द्यायचा. पहिल्या हंगामात झाडं तगली, पण उरलेल्या विहिरीचं पाणी मात्र आणखी खारं होत चाललं. कारण डोंगराकडच्या बाजूला, बांधाला लागून असलेल्या मळ्यात पंप अखंड चालू असायचा आणि डोंगराकडून येणारं गोडं पाणी वाटेतच उपसलं जायचं. तो मळा कसत होता रत्नागिरीकडचा मजीद.

नयना त्याच्याकडे गेली. दोघं कोकणातले निघाल्यावर त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा दिला. पण पंपाचा विषय निघताच त्याचा चेहरा बदलला.

"भाभी, जमीन काय माझी हाय?" तो म्हणाला. "एका वरसाच्या करारावर कसतोय. अर्बाब, म्हणजे मालक, उद्या बोलला निघ, तर निघायचं. मग पाणी राखू कोणासाठी?"

 नयनानं परत येऊन खालांना जसंच्या तसं सांगितलं. खालांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी अबाया चढवून त्या सोहारला मजीदच्या मालकाच्या घरी जाऊन बसल्या. मालकाची आई त्यांच्या माहेरच्या ओळखीतली. कहवा झाला, ख्यालीखुशाली झाली, मग त्यांनी मागणं मांडलं : मजीदला दहा वर्षांचा करार करून दे. मालकानं हसून विषय टाळला. खाला पुढच्या आठवड्यात पुन्हा गेल्या. त्याच्या पुढच्या आठवड्यातही. त्या आल्या की मालक कामाचं निमित्त काढून बाहेर सटकायचा, आणि तो परत येईपर्यंत त्या हलायच्या नाहीत. शेवटी त्या त्याला म्हणाल्या, "विहीर मेली की तुझी जमीन मिठागर होईल. ज्याला इथं राहायचंय, तोच विहीर राखेल."

त्याच उन्हाळ्यात मजीदची मिरचीची रोपं करपली. खारं पाणी त्याच्याही विहिरीत पोचलं होतं. मालकानं येऊन ते डोळ्यांनी पाहिलं आणि करार करून दिला.

मग मजीद स्वतःहून बांधावर आला. दोन्हीकडच्या पंपांनी एकाआड एक दिवस चालायचं, तेही फक्त पहाटे, असं ठरलं. त्यानं आपलंही गवत काढलं आणि जाळीच्या शेडमध्ये काकडी घेतली. सुरुवातीला खाला आणि मजीद दोघांनीही, ठरलेलं मोडतंय का म्हणून, एकमेकांच्या पंपाचे आवाज कान देऊन ऐकले. हळूहळू ते ऐकणं सुटलं.

दुसऱ्या हंगामात घड लहान होते, पण भरलेले होते. तेलाचे भाव कोसळले होते आणि यासिरचा कंत्राटदारही मागे सरला होता. दुसरा शोधता आला असता, पण यासिरनं शोधला नाही. त्यानं अख्खी बाग फिरून पाहिली आणि नयनाला विचारलं, "सिस्टर, समुद्राकडच्या पट्ट्याचं काय?"

"तो गेला," नयना म्हणाली. "त्याच्यात आता जीव ओतू नका."

यासिरनं मान डोलावली. तो पट्टा नावा ओढून ठेवायला मोकळा सोडला.

त्या हिवाळ्यात जुन्या झाडांच्या बुडाशी फुटलेली पिल्लं काढून मजीदच्या बांधालगत लावायची ठरली. त्यांना फळ धरायला कित्येक वर्षं लागणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यासिरनं कुदळ घेतली, तशी खालांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पहिला खड्डा स्वतः खणायला सुरुवात केली.